दुखरा सांधा दाबून पाहणारा डॉक्टर

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत सांध्यांच्या दुखण्यावर अधूनमधून लेख येतात आणि गेली चौदा वर्षे हे दुखणे सोबत घेऊन वावरणारी वाचक म्हणून मी ते आवर्जून वाचते. त्यांत व्यायामाची चित्रे असतात, वजन आटोक्यात ठेवण्याचा सल्ला असतो, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची माहिती असते आणि बहुतेक लेख 'तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा' या वाक्याने संपतात. माझ्यासारख्या रुग्णाची अडचण नेमकी त्या वाक्यापासून सुरू होते. तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण, आणि ते आपल्याकडे आस्थेने पाहत आहेत की नाही हे ओळखायचे कसे, याविषयी लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते. माझ्या आजच्या डॉक्टरांपाशी पोहोचण्यापूर्वी मी तीन दवाखाने पालथे घातले आणि त्यात पावणेतीन वर्षे गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

संधिवात या एका शब्दात शंभराहून अधिक आजार येतात, हे मला फार उशिरा कळले. वयाबरोबर सांध्यातील कूर्चा झिजून होणारा त्रास वेगळा आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटल्यामुळे होणारा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस वेगळा. या दुसऱ्या प्रकारचे डॉक्टरही वेगळे असतात. त्यांना संधिवाततज्ज्ञ किंवा ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. अस्थिरोगतज्ज्ञ हे मुख्यतः हाडांचे आणि शस्त्रक्रियेचे डॉक्टर. सांधे दुखतात म्हणजे हाडांच्या डॉक्टरांकडे जायचे, एवढेच आपल्याला ठाऊक असते आणि मीही तेच केले.

त्या वेळी पहाटे उठल्यावर माझी मूठ वळत नसे. बाटलीचे झाकण, नळाची तोटी, ब्लाऊजचे हूक हे सारे दोन तासांनंतर जमू लागे. पहिल्या डॉक्टरांनी हातांचा एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. रक्तातील ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर तपासला, तोही नकारार्थी आला. "तुम्हाला वात नाही, हे वयोमानाचे आहे," असे सांगून त्यांनी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि त्या मी आठ महिने घेतल्या. ते गृहस्थ वाईट नव्हते, मात्र एक प्रश्न त्यांनी विचारला नाही: सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो? झिजेच्या दुखण्यात तो साधारणतः अर्ध्या तासाच्या आत ओसरतो, तर ऱ्हुमॅटॉइडमध्ये तासभर किंवा त्याहून अधिक राहतो. शिवाय या आजाराच्या सुमारे 20 ते 30 टक्के रुग्णांमध्ये तो रक्तघटक सापडतच नाही आणि सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रे निर्दोष असणे हे तर नेहमीचेच.

अमेरिकेतील आणि युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी 2010 साली या आजाराचे जे संयुक्त निकष प्रसिद्ध केले, ते पुढे वाचनात आले तेव्हा मी थक्क झाले. सांध्यांना सूज असून तिचे दुसरे कारण सापडत नसेल, तर एकूण 10 गुणांपैकी 6 मिळाले की आजार ऱ्हुमॅटॉइड समजावा, अशी ती पद्धत आहे. हे निकष मुळात संशोधनासाठी असले तरी त्यांतील गुणांची वाटणी बोलकी आहे. रक्तातील प्रतिपिंडांना (ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हा त्यांतलाच एक) जास्तीत जास्त 3 गुण, दाह दाखवणाऱ्या चाचण्यांना 1, त्रास 6 आठवडे टिकला असेल तर 1 आणि किती व कोणते सांधे दुखतात-सुजतात याला तब्बल 5. म्हणजे निम्मे गुण डॉक्टरांच्या बोटांत आहेत! हातांच्या लहान सांध्यांसह दहाहून अधिक सांधे बाधित असतील आणि सहा आठवडे उलटलेले असतील, तर रक्ताचा अहवाल कोराच असला तरी सहा गुण पूर्ण होतात. माझे त्या वेळी चौदा सांधे दुखत होते, पण ते कोणी मोजलेच नव्हते.

दुसरे डॉक्टर अतिशय गोड बोलत. त्यांच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आस्था म्हणजे गोड बोलणे असा माझाही समज होता. ते पाठीवरून हात फिरवत, घरच्यांची चौकशी करत आणि बिननावाच्या पुडीतून गोळ्या देत. आठवडाभरात मी धावू लागले! चार महिन्यांनी चेहरा गरगरीत झाला, रक्तातील साखर वाढली आणि पुढे दुसरीकडे उलगडा झाला की त्या गोळ्यांत स्टिरॉइड होते. कॉर्टिसोन हे स्टिरॉइड औषध अमेरिकेतील डॉक्टर फिलिप हेंच यांनी 1948 साली या आजाराच्या रुग्णाला प्रथम दिले तेव्हा गुण चमत्कारासारखाच आला होता आणि 1950 साली त्यांना व त्यांच्या दोन सहसंशोधकांना नोबेल पारितोषिकही मिळाले. दीर्घकाळ घेतल्यास त्याची काय किंमत मोजावी लागते, हे त्यानंतर लवकरच जगाला कळले. आजही ते उपयोगी औषध आहे, थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी आणि मुख्य म्हणजे रुग्णाला सांगून. ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते आणि आपण काय घेतो आहोत हेच ज्याला माहीत नाही, तो रुग्ण ते एकाएकी बंद करू शकतो. मी तसे केले नाही, हा निव्वळ योगायोग.

तिसरे डॉक्टर मात्र खरेच संधिवाततज्ज्ञ होते आणि त्यांचे निदानही अचूक होते. त्यांनी मेथोट्रेक्सेट सुरू केले. तेच योग्य होते, कारण या आजारात बहुधा पहिले औषध तेच असते. फक्त ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, हे त्यांनी न वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहिले आणि तोंडाने सांगितले नाही. औषधाच्या दुकानातील मुलाने हटकले म्हणून माझा जीव वाचला. हे औषध चुकून रोज घेतले गेले तर रक्तपेशी तयार होण्याचे काम कोलमडते आणि जीवही जाऊ शकतो. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हेही त्यांनी सांगितले नाही, म्हणून तिसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' असे ठरवून मी ते सोडून दिले. ज्ञान होते, पण ते माझ्यापर्यंत पोहोचवणे हे आपल्या कामाचाच भाग आहे, असे त्यांना वाटत नसावे. (मान वर करून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले होते, ते नाव विचारताना.)

चौथ्या डॉक्टर बाईंनी पहिल्या भेटीत मला बोलू दिले आणि मग दोन्ही बाजूंचा एकेक सांधा अंगठ्याने दाबत त्या मोजत गेल्या: खांदे, कोपरे, मनगटे, बोटे, गुडघे, एकूण 28. सुजलेले किती, दुखरे किती, हे त्यांनी कागदावर मांडले आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तोच आकडा मागच्या आकड्याशी ताडून औषधाची मात्रा ठरवली. मेथोट्रेक्सेटच्याच गोळ्या त्यांनी पुन्हा सुरू केल्या, पण चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'फक्त गुरुवारी' असे लिहून, फॉलिक ॲसिड कोणत्या दिवशी घ्यायचे, यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या कधी करायच्या आणि ताप आला तर काय करायचे हे समजावून. तीन महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही तर औषध बदलू, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते आणि पुढे ते बदललेही. त्या फारशा हसत नाहीत. एकदा मी गोळ्या चुकवल्या तेव्हा चांगले खडसावलेही.

थकव्याबद्दल त्यांनी आपणहून विचारले, याचे मला विशेष वाटले. या आजारातला थकवा झोपेने जात नाही, आणि दुखण्याची तक्रार सांगता येते तशी त्याची सांगता येत नाही, कारण ऐकणाऱ्याला तो आळस वाटतो. संधिवाताच्या उपचारांचे मोजमाप कशाने करावे हे ठरवणाऱ्या 'ओमेरॅक्ट' या आंतरराष्ट्रीय परिषदेत 2002 साली रुग्णांना चर्चेला बसवले, तेव्हा थकव्याची मोजदाद करा, हा आग्रह त्यांनीच धरला. तोवर तज्ज्ञ सूज आणि वेदना मोजत होते.

डॉक्टरांना वेळ नसतो, संधिवाततज्ज्ञ संख्येने थोडे आहेत आणि बाहेर रांग लागलेली असते, हे मी जाणते. पण यावर अभ्यास झालेले आहेत. 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी पाहिले की रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. पुढे 2002 साली स्वित्झर्लंडमधील एका रुग्णालयात 335 रुग्णांना मध्ये न अडवता बोलू दिले, तेव्हा त्यांनी सरासरी 92 सेकंद घेतले. पाच मिनिटांहून अधिक बोलणारे केवळ सात निघाले. म्हणजे प्रश्न दीड मिनिटाचा आहे.

रुग्णांनीही काही करायला हवे, हे मान्य. मी आता एका वहीत ताठरपणाची मिनिटे लिहून नेते, सगळे जुने अहवाल तारखेनुसार लावून नेते आणि विचारायचे तीन प्रश्न आधीच लिहून ठेवते. डॉक्टर बदलताना मात्र मला फार अपराधी वाटे, जणू आपण कोणाशी बेइमानी करतो आहोत. त्या भिडेपायी माझे जे महिने गेले, त्या काळात उजव्या मनगटाचे हाड खाल्ले गेले आणि ते पूर्ववत होणार नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या पुरवणीत सांध्यांवरचा पुढचा लेख छापाल तेव्हा त्यासोबत एक छोटी चौकट द्यावी: कोणते दुखणे अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे, कोणते संधिवाततज्ज्ञांकडे, आणि किती आठवडे सूज राहिली की वाट न पाहता जावे. हे पत्र मी तीन बैठकांत हाताने लिहिले आहे, तेव्हा अक्षराबद्दल क्षमस्व.

आपली विश्वासू,
एक वाचक