पडद्यावर 'डिस्क 2', यंत्रात तिसरा कप्पा : नेटवर्क स्टोरेजच्या वेब पॅनेलबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
नेटवर्क स्टोरेज उत्पादने

विषय : चार कप्प्यांच्या नॅसच्या (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइल पुरवणाऱ्या साठवण यंत्राच्या) वेब पॅनेलवर डिस्कचा क्रमांक कप्प्याशी न जुळणे, त्यामुळे चांगली डिस्क बाहेर निघून व्हॉल्यूम बंद पडणे आणि आपण ही तक्रार 'वापरकर्त्याची चूक' असा शेरा मारून बंद करणे.

महोदय,

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे पॅटर्न शॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रींना आम्ही पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा घडवतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीच्या गाभ्याचा साचा) करून देतो. प्रत्येक कामाचे ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल, मशीनचे प्रोग्राम आणि तपासणी अहवाल तुमच्या चार कप्प्यांच्या नॅसवर असतात. एकेका पार्टच्या पाच-सहा रिव्हिजन, म्हणजे सुधारित आवृत्त्या, निघतात. कुठल्या रिव्हिजनला मशिनिंग अलाउन्स (नंतर कापून काढायची जादा जाडी) किती धरला होता, हे त्या फाइल उघडल्याशिवाय सांगता येत नाही. जुन्या रिव्हिजनवरून पॅटर्न गेला तर फाउंड्रीतले कास्टिंग रिजेक्ट होते आणि त्याचे पैसे आमच्या बिलातून कापले जातात. म्हणून चार-चार टेराबाइटच्या चार डिस्क घेऊन रेड 5, म्हणजे डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत, लावली. त्यात तीन डिस्कएवढी जागा वापरायला मिळते आणि एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. तुमच्या विक्रेत्याने हे यंत्र याच भरवशावर विकले होते.

एक डिस्क गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. डिस्क झिजणारी वस्तू आहे, ती कधीतरी जाणारच. तक्रार पुढच्या प्रकाराबद्दल आहे.

सकाळी पॅनेल उघडल्यावर वर लाल पट्टी होती : व्हॉल्यूम (चारही डिस्क मिळून झालेली साठवण जागा) डिग्रेडेड, म्हणजे एका डिस्कविना चालू, 'डिस्क 2' निकामी, बदला. यंत्राच्या पुढच्या दारावर कप्प्यांना 1, 2, 3, 4 असे आकडे छापलेले आहेत. आमचा टेक्निशियन नवी डिस्क घेऊन आला, स्क्रीन बघितली आणि विचारले, "मालक, दोन नंबर दाखवालंय. काढू का?" काढायला सांगितले. त्याने दोन नंबरचा ट्रे ओढला आणि त्याच क्षणी वरच्या ड्रॉइंग ऑफिसमधल्या सगळ्या मशीनवरचा नेटवर्क ड्राइव्ह गेला. व्हॉल्यूम बंद.

नंतर लॉग फाइल डाउनलोड करून त्यातले सीरियल नंबर आणि डिस्कवरच्या लेबलचे सीरियल नंबर एकेक करून जुळवले, तेव्हा उलगडा झाला. तुमचे पॅनेल डिस्क शून्यापासून मोजते. यंत्राचे दार एकपासून मोजते. पॅनेलची 'डिस्क 2' म्हणजे तिसरा कप्पा. म्हणजे निकामी डिस्क जागेवरच राहिली आणि धडधाकट डिस्क आमच्या हातात आली. रेड 5 मध्ये एक डिस्क आधीच गेलेली असताना दुसरी निघाली की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, काढण्याआधी खात्री करायला हवी होती. ती कशाने करायची? डिस्कच्या तपशिलाच्या खिडकीत फक्त मॉडेलचे नाव आणि आकार दिसतो. आमच्या चारही डिस्क एकाच मॉडेलच्या, एकाच आकाराच्या आहेत, आणि असेच घ्या, असे तुमचेच माहितीपत्रक सांगते. सीरियल नंबर त्या खिडकीत नाही. लॉगमध्ये डिस्कची नावे एसडीए, एसडीबी अशी आहेत, आणि ती यंत्र पुन्हा चालू केल्यावर बदलूही शकतात, त्यामुळे कप्प्याशी त्यांचा मेळ बसत नाही. ट्रेवरचे दिवे पाहावेत, तर चारही हिरवे होते, कारण तुमचा दिवा फक्त वीज पोहोचते आहे एवढेच सांगतो. डिस्क निवडून तिचा दिवा लुकलुकवायची सोय सर्व्हरच्या धंद्यात फार जुनी आहे. तुमच्या यंत्रात दिवे आहेत, पॅनेलही आहे, फक्त त्या दोघांना जोडणारे बटण नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यात गंभीर वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. चुकीची डिस्क निघाल्याचे कळताच टेक्निशियनने ती होती तशी परत बसवली. ही डिस्क याच व्हॉल्यूमची आहे, हे तिच्यावरच लिहिलेले असते. रेडची माहिती प्रत्येक सदस्य डिस्कवर नोंदलेली असते आणि यंत्राला ती वाचता येते. तरीही पॅनेलवर निळी चौकट आली : 'नवीन डिस्क सापडली. वापरण्यासाठी इनिशिअलाइज करा.' खाली दोनच बटणे, 'ठीक' आणि 'नंतर'. यातला डेटा पुसला जाईल, ही डिस्क आधी एका व्हॉल्यूमचा भाग होती, असा एक शब्द तिथे नाही. मी तुमच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या प्रतिनिधीने समोरचा कागद वाचावा तसे सांगितले, "सर, इनिशिअलाइज करून घ्या, रिबिल्ड आपोआप सुरू होईल." मी त्याचे ऐकले नाही. यंत्र बंद करून ठेवले. ऐकले असते तर व्हॉल्यूम परत उभा करायची उरलीसुरली शक्यताही आमच्याच हाताने पुसली गेली असती. त्या प्रतिनिधीला मी दोष देत नाही, त्याला तसे शिकवणाऱ्यांना देतो.

शेवटी लिनक्सचे काम करणारा एक जाणकार बाहेरून बोलावला. त्याने पॅनेलला हात न लावता कमांड देऊन तीन चांगल्या डिस्कवर व्हॉल्यूम आधी फक्त वाचण्यापुरता उभा केला आणि सगळे उतरवून घेतले. ट्रे निघाला त्या क्षणी उघडी असलेली ड्रॉइंगे खराब झाली, ती पुन्हा काढावी लागली. 2019 च्या महापुरानंतर आम्ही एक प्रत वरच्या मजल्यावर वेगळ्या ड्राइव्हवर ठेवतो, त्यामुळे जुन्या कामाची चिंता नव्हती. पण चालू ऑर्डरचे काम थांबले, दोन फाउंड्रींना दिलेली तारीख गेली आणि जाणकाराचे बिल आमच्या खिशातून गेले. त्यानंतर नवी डिस्क घालून रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा लिहिणे, लावले. चार टेराबाइट सेकंदाला 100 ते 150 मेगाबाइट वेगाने लिहायचे म्हटले तरी नुसते सात ते अकरा तास जातात, आणि ऑफिसचे काम चालू ठेवले तर त्याहून जास्त. तेवढा सगळा वेळ उरलेल्या तीनपैकी एकही डिस्क डगमगून चालत नाही. म्हणून ते सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना लॉगिन बंद करून केले.

आता आधीच्या आठवड्यांबद्दल. लॉगमध्ये त्याच तिसऱ्या कप्प्यातल्या डिस्कच्या स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) सापडल्या. 5 क्रमांकाची नोंद, म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, आणि 197 क्रमांकाची, म्हणजे वाचता न येऊन अडकलेले सेक्टर, दोन्ही वाढत होत्या. 199 क्रमांकाची नोंद, जी बहुतेक वेळा केबल किंवा जोडणीतला दोष दाखवते, शून्यावर होती. म्हणजे दोष डिस्कमध्येच होता आणि यंत्राला तो कळत होता. पॅनेलवर मात्र शेवटपर्यंत हिरवी खूण आणि 'ठीक'. कोल्हापुरात पावसाळ्यात प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झाले? 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. पाणी 38 फुटांवर असताना 'सगळे ठीक आहे' एवढेच कुणी सांगितले असते तर लोकांनी जनावरे आणि सामान कधी हलवायचे? आम्हालाही आकडा द्या. आज किती, गेल्या आठवड्यात किती. डिस्क कधी बदलायची ते आम्ही ठरवू. आणि इशाऱ्याचा ईमेल पाठवायची सोय मुळात बंद ठेवून, सेटिंगच्या तिसऱ्या पानावर एका कोपऱ्यात का दडवली आहे, याचेही उत्तर हवे.

ही सगळी हकीकत मी फोटो आणि लॉगसह आपल्या पोर्टलवर नोंदवली. उत्तर आले : 'वापरकर्त्याने चुकीची डिस्क काढली. वॉरंटीत बसत नाही. तक्रार बंद.' या दोन ओळींमुळेच हे पत्र लिहावे लागले. टेक्निशियनने तुमच्या पडद्यावर जो आकडा होता, तोच आकडा छापलेला ट्रे काढला. यात त्याचे काय चुकले, ते मला लेखी सांगा. तो पोरगा पंधरा वर्षे उद्यमनगरात मशीन दुरुस्त करतो आणि त्या दिवसापासून सर्व्हर म्हटले की मागे सरतो. बंद पडलेल्या व्हॉल्यूमइतकाच मला याचाही राग आहे.

माझी मागणी अशी. तक्रार पुन्हा उघडून 'वापरकर्त्याची चूक' हा शेरा काढावा. निकामी डिस्क यंत्राबरोबर तुमच्याकडूनच घेतलेली आहे आणि वॉरंटीत आहे, ती विनाशुल्क बदलून द्यावी. व्हॉल्यूम परत मिळवण्यासाठी झालेला खर्च, ज्याचे बिल सोबत आहे, भरून द्यावा. पुढच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रातल्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) पडद्यावरचा क्रमांक दारावरच्या क्रमांकाशी जुळवावा, शेजारी पूर्ण सीरियल नंबर दाखवावा आणि दिवा लुकलुकवायचे बटण द्यावे. जुन्या व्हॉल्यूमची डिस्क परत बसवली तर तिला नवीन म्हणू नये, आणि इनिशिअलाइज करण्याआधी सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे टाइप करायला लावावेत. हे फर्मवेअर येईपर्यंत निदान एक साधी सूचना सगळ्या ग्राहकांना ईमेलने पाठवा की पॅनेलवरचा क्रमांक कप्प्याच्या क्रमांकापेक्षा एकने कमी असतो. याला ना वेळ लागतो ना पैसा, आणि माझ्यासारखा दुसरा कोणी आज सकाळीच ट्रेला हात घालत असेल.

हे काम मी स्वतः राबून, पोट भरण्यासाठी करतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करणाऱ्या खरेदीदारालाही ग्राहक मानतो, आणि त्याच कायद्याने मला तुमचे मुख्यालय कुठेही असले तरी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तशी वेळ येऊ नये अशी इच्छा आहे, कारण बाकी यंत्र दणकट आहे आणि मला ते वापरायचे आहे. पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावे, आणि ते पॅनेलचा आराखडा करणाऱ्या विभागाकडून यावे. मदत केंद्राचा ठरावीक मजकूर पुन्हा पाठवू नये.

निकामी डिस्क आमच्याकडे सीलबंद ठेवली आहे. तुमचा माणूस ती न्यायला येणार असेल तर सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर यावे. सीरियल नंबर जुळवून, पोचपावती घेऊनच ती देण्यात येईल.

आपला,
पॅटर्न शॉप चालक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत : यंत्र आणि डिस्क खरेदीचे बिल, जाणकाराचे बिल, पॅनेलच्या पडद्याचे व दारावरच्या क्रमांकांचे फोटो, संपूर्ण लॉग फाइल, आपल्या पोर्टलवरील उत्तराची प्रत.