मार्शलदादा, त्या कागदी कपासाठी

मार्शलदादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. खेळावर लक्ष ठेवणाऱ्या तुमच्या टी-शर्टच्या पाठीवर ‘मार्शल’ एवढंच होतं, म्हणून तेच. वयाने तुम्ही माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असाल, पण त्या दिवशी मैदानावर शहाणं माणूस एकच होतं, तेव्हा अहोजाहोच करतो.

जुलैतला शनिवार, लोणावळ्याजवळचं पेंटबॉलचं मैदान, म्हणजे बंदुकीने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, आणि आमच्या ऑफिसची सहल. आठवत नसेल तर खूण सांगतो. सकाळी तुम्ही एकेक बंदूक यंत्रासमोर उडवून गोळीचा वेग तपासत होतात, तेव्हा “एवढा वेळ तर एअरपोर्टवरही लागत नाही” म्हणून खिदळणारा तो मी. मास्कबद्दलची सूचनाही अर्ध्या कानाने ऐकली. रिमझिम चालू होती, धावून धाप लागलेली, काचेवर आतून वाफ धरली. ड्रमामागे बसलो आणि काच पुसायला मास्क कपाळावर सरकवला. तुमची शिट्टी ऐकू आली. “मास्क खाली!” हेही ऐकू आलं. “एक मिनिट” म्हणालो. ते मिनिट काही पुरं झालं नाही, रंगाची गोळी थेट डोळ्यावर बसली.

मग आमच्यातला जो तो डॉक्टर झाला. एकाने डोळा धुवायला बाटली उघडली, दुसऱ्याने दाबून धरायला बर्फ आणला, एकीने पर्समधून दुखण्याची गोळी काढली. मी तर मूठ वळून डोळा चोळायलाच निघालो होतो. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि सगळ्यांना एकच शब्द ऐकवलात: नाही. पाणी नाही, बर्फ नाही, गोळी नाही, आडवं झोपवायचं नाही. चहाचा कागदी कप अर्धा कापलात, त्याचा तळ वर ठेवून कडा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवलीत, डोळ्याला कुठेही स्पर्श न होता, आणि चिकटपट्टीने बसवलात. “जवळचा दवाखाना नको, थेट डोळ्यांच्या हॉस्पिटलात न्या.” एवढं सांगून तुम्ही पुन्हा मैदानात गेलात.

पुण्यात डॉक्टरांनी कप काढता काढता पहिला प्रश्न विचारला तो हा, की हा कुणी लावला. डोळ्याचा गोळा फाटलाय की नाही हे बाहेरून कळत नाही. फाटलेला असता तर चोळण्याने किंवा दाबण्याने आतलं बाहेर आलं असतं. माझा फाटला नव्हता. बुबुळापुढच्या पाण्यात रक्त उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी आरशात ते दिसलं, लोटीच्या तळाशी कुंकू बसावं तसं. डोळ्याचा दाब ३४ होता, असायला हवा १० ते २१. ती दुखण्याची गोळी घेतली असती तर पुन्हा रक्त सुटण्याची भीती वाढली असती. पाच दिवस उशांचा ढीग रचून बसल्या बसल्या झोपलो.

त्या पाच दिवसांत हिशेबही कळला. बंदुकीतली रंगाची गोळी जेमतेम ३ ग्रॅमची, १७ मिलिमीटर जाडीची, पण सेकंदाला ८५ मीटर, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. क्रिकेटचा चेंडू निदान भुवई-गालाच्या हाडांवर अडतो. ही खोबणीत थेट शिरते. मूळची ही बंदूक झाडांवर आणि गुरांवर खुणा करायला बनवलेली, १९८१ मध्ये अमेरिकेत काही मित्रांनी ती एकमेकांवर रोखून खेळ सुरू केला, हे लेकीने वाचून दाखवलं. “म्हणजे बाबा, तुम्ही गुरंच,” असंही ती म्हणाली. काय बोलणार?

आता नीट दिसतं. पडदा शाबूत आहे. माराने डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याची वाट थोडी फाटलीय, त्यामुळे काचबिंदूच्या धास्तीने दरवर्षी दाब तपासायचा, तोही जन्मभर.

पुढच्या महिन्यात आमची दुसरी टीम तिथे येते आहे. काच धूसर झाली की हात वर करून जाळीबाहेर यायचं आणि मगच मास्क काढायचा, असं त्यांना बजावलंय. तरी कुणी उचललाच, तर ओरडा. आणि “एक मिनिट” म्हणाला तर त्याला माझा फोटो दाखवा, सोबत पाठवतोय.

तुमचा,
ड्रमामागचा