घरी येत नाहीये, रागावू नका

ती. आई-आण्णा,
साष्टांग नमस्कार.

मी पुण्यातच राहायचं ठरवलंय. फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि आण्णा, तुम्ही फोन दुसऱ्याच्या हातात देता, म्हणून लिहिते. गावाला लाजून नाही. बरं, थोडं तेही आहे. पण पिंकीला बघायला पाहुणे आले की मी चहा घेऊन बाहेर यायचं की माजघरात बसायचं, हे ठरवायची वेळ मला दादावर आणायची नाही.

खोली बरी आहे. वर पत्रा आहे पण गळत नाही, पाणी सकाळी सहाला येतं. पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. येरवड्यात हात बसलाच होता! मालकिणीला सगळं सांगितलंय. आधी दोन ठिकाणी लपवलं, त्यांनी पोलीस पडताळणीचा कागद मागितल्यावर मीच पुन्हा गेले नाही. जुना मोबाईल नंबर दुसऱ्याच कुणाला मिळालाय, ओटीपी त्याच्याकडे जायचे. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बँकेचं खातंही निष्क्रिय. आता आधारला नवा नंबर जोडलाय, केवायसीचे कागद दिलेत.

परवा कामावर दारापाशी उभीच राहिले. नुसतं लोटलेलं होतं, ढकललंच नाही मी. मालकीण आतून म्हणाली, "अगं, ये की." सात वर्षं दार दुसऱ्यानंच उघडलं ना. रात्री दिवाही मालवत नाही, बराकीत रात्रभर चालूच असायचा. मग वाटतं, आत्ता आण्णा ओरडतील, "बिल कोण भरणार?"

चिमीला नियमाप्रमाणे सहा वर्षांची होईपर्यंतच जवळ ठेवता आलं. तुम्ही न्यायला आलात तेव्हा आण्णांनी तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली, जत्रेत माझ्या ठेवायचात तशीच. ती आईलाच आई म्हणते, म्हणू दे. मला मावशी म्हणाली तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण तिला टोकू नका. वार्षिक परीक्षा होऊ दे, मे महिन्यात मी न्यायला येते. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा मागून ठेवा. सुट्टीत ती तुमच्याकडेच.

आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलायचं नाही. दादाला तारीख घ्यायला सांग. वकिलासाठी मोडलेल्या पाटल्यांचा विषय काढू नकोस, माझ्या लक्षात आहेत. आण्णा, बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नसते.

आत असताना दर महिन्याला तुमची मनीऑर्डर यायची. या महिन्यापासून मी पाठवतेय. थोडेच आहेत. सही करून घ्या, परत पाठवू नका.

तुमची,
बेबी