अण्णांच्या नव्या उशीविषयी

छत्रपती संभाजीनगर,
भाद्रपद वद्य एकादशी

तीर्थस्वरूप आई आणि अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

महालक्ष्म्या उठल्यावर परतताना अण्णांची उशी मी सोबत आणली. ती का आणली हे निघण्याच्या गडबडीत नीट सांगता आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. अण्णा, ती उशी जुन्या रूपात आता परत येणार नाही. शहागंजच्या बाजूच्या एका पिंजाऱ्याकडून मी ती उसवून घेतली आणि तिच्याच कापसातून दोन पातळ उश्या भरून घेतल्या. धाकटे मामा परवा गावी येत आहेत, त्यांच्या हाती त्या पाठवत आहे. त्या उशीत विहिरीजवळच्या तुकड्यातल्या नांदेड-४४ या वाणाच्या कापसाची शेवटची वेचणी होती आणि ती तुम्ही मुद्दाम घरात राखून ठेवली होती, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच तिच्यातला बोटभर कापूसही वाया जाऊ दिला नाही. जो उरला तो जुन्या खोळीत बांधून परत पाठवत आहे.

सणाच्या त्या दिवसांत मी पाहत होते की, सकाळी कोणी हाक मारली तर तुम्ही नुसती मान वळवत नव्हता, खांद्यासकट अख्खे वळत होता. चहाची बशी उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन तुम्ही बोटे झटकत होता आणि विचारले तर ‘रानातल्या कामाने होतं’ एवढेच म्हणत होता. रानातल्या कामाने ते होत असते तर संध्याकाळी वाढले असते; तुमचे दुखणे उठल्या उठल्या असते आणि दहा वाजेपर्यंत ओसरते. त्यावरून माझी खात्री झाली की, दोष कामाचा नाही, रात्रीच्या उंच उशीचा आहे.

तुम्ही पालथे झोपता, आणि पालथे झोपणाऱ्याला श्वासासाठी तोंड एका कुशीला वळवावेच लागते, त्यामुळे मान तासन्‌तास एकाच बाजूला पिळलेली राहते. मानेत ७ मणके असतात आणि मान वळवण्याचे जवळजवळ निम्मे काम वरचे दोनच मणके करतात. त्यांच्यावर रात्रभर असा ताण असताना डोक्याखाली वीतभर उशी असली, तर मान वळलेली तर असतेच, शिवाय मागेही वाकते. मग मणक्यांच्या बाजूच्या ज्या फटींतून हाताच्या नसा निघतात त्या फटी आणखी अरुंद होतात. बोटांना येणाऱ्या मुंग्या बहुधा तिथूनच येत असाव्यात. उताणे किंवा कुशीवर झोपणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो. पालथे झोपणाऱ्याला उशी अगदी पातळ हवी, इतकी की डोके टेकल्यावर ती जेमतेम दोन बोटे उरावी.

आईला आठवत असेल, एका रात्री उशीऐवजी मी तुमच्या डोक्याखाली पंचाची चौघडी घडी ठेवली होती. तुम्ही कुरकुर केली, पण सकाळी मान कमी अवघडली आहे असे तुम्हीच आईला सांगितले. मी केले ते त्या सकाळीच ठरवून केले.

बाजारातली तयार उशी का घेतली नाही, असे तुम्ही नक्की विचाराल. मी दुकानांत हाताने दाबून, तिथल्या गादीवर पालथी पडून पाहिले. मानेसाठी म्हणून विकतात त्या मधे खोलगट आणि कडेला उंच उश्या उताणे किंवा कुशीवर झोपणाऱ्यांसाठी असतात. पालथे झोपले की तीच उंच कड हनुवटीखाली येते. गुरुजींचा मुलगा ज्या मेमरी फोमचे कौतुक करत होता, तो नासाने १९६६ मध्ये विमानातल्या आसनांसाठी तयार करून घेतला होता. तो अंगाच्या उबेने मऊ पडतो, पण ऊब धरूनही ठेवतो. पालथे झोपल्यावर अर्धा चेहरा उशीत असतो. आपल्याकडच्या वैशाखात तो तुम्हाला सोसणार नाही. रबराच्या चिकाची, म्हणजे लेटेक्सची पातळ उशी त्या मानाने बरी होती, पण दाबली की लगेच उसळी घेते आणि मान पुन्हा वर ढकलते. कापूस वजनाने बसतो, हवा खेळू देतो आणि जास्त झाला तर मूठभर काढता येतो, ही सोय दुसऱ्या कशात मला दिसली नाही.

जुन्या उशीतून दीड किलोहून अधिक कापूस निघाला आणि मधोमध त्याचे नारळाएवढे गठ्ठे झालेले होते. यंत्रावर पिंजल्यावर तो पुन्हा मोकळा झाला. डोक्याखालच्या नव्या उशीत त्यातला अर्धा किलोही नाही. दुसरी उशी लांबट आणि चपटी आहे, ती ओटीपोटाखाली ठेवायची. शरीराचा जड भाग मध्यावर असल्याने पालथे झोपल्यावर कंबर गादीत रुतते आणि पाठीला खोल बाक येतो. ही उशी तो बाक कमी करते. तुमची कंबरही धरते, हे आईने मला फोनवर हळूच सांगितले आहे, तिला रागावू नका.

तुमच्या सवयीचे काही मी काढून घेतलेले नाही. कापूस तोच आहे आणि आईने विणलेला मोराचा अभ्राही तोच आहे, फक्त धुऊन वाळवला आहे. शिवाय तुळजापूरला देवी सध्या निद्रेत आहे आणि त्या निद्रेसाठी देवीच्या गाद्यांचा कापूससुद्धा पिंजून घेतात, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितले होते. तुमच्या उशीचा कापूस पिंजला गेला, याचे मग मनाला लावून घेऊ नका.

उन्हाळ्यात आपण माळवदावर झोपायचो, तेव्हा तुम्ही वाकळीवर पालथे पडायचा आणि मी तुमच्या पाठीवर गाल टेकवून चांदण्या मोजत झोपी जायचे. तुमचा श्वास माझ्या कानाखाली वर-खाली व्हायचा. तेव्हा तुमच्या डोक्याखाली नुसता धोतराचा सोगा असे, उशी नसेच, आणि मान दुखल्याचे तुमच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. अजून माझा नीट डोळा लागतो तो पालथे झोपूनच, त्यामुळे ही सवय सोडा असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आता दोघांनीही नीट ऐका. घट बसले की अण्णा नऊ दिवस गादी सोडून घोंगडीवर झोपतात. नवी उशी तेव्हापासूनच सुरू करावी, कारण तिच्याखाली जमीन टणक असली की कंबर रुतत नाही. पुढे पलंगावरच्या गादीचा मधला खळगाही भरून घेऊ. अण्णा, उशीखाली हात घालून झोपू नका आणि रात्री जाग आली की तोंड दुसऱ्या कुशीला वळवा. आई, अभ्रा आता ढिला होईल, पण म्हणून त्यात जुने लुगडे घडी करून कोंबू नकोस. अण्णा झोपल्यावर बाजूने पाहा. मान पाठीच्या रेषेत दिसली पाहिजे, मागे वाकलेली दिसली तर उसवून थोडा कापूस काढ. दर आठवड्याला दोन्ही उश्यांना ऊन दाखव. तू स्वतः कुशीवर झोपतेस, तुझ्या खांद्यापासून कानापर्यंतचे अंतर भरायला जाडच उशी लागते, तेव्हा अण्णांच्या काळजीने तुझी उशी पातळ करू नकोस आणि अदलाबदलही करू नका.

एक गोष्ट मात्र उशीवर सोडता येणार नाही. मुंग्या दिवसाही येऊ लागल्या, हातातून वस्तू निसटू लागली किंवा चालताना तोल गेला, तर दसऱ्याची वाट न पाहता अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवायचे. मी निघून येईन. दिवाळीनंतर अण्णांचा मोतीबिंदू काढायचा आहे आणि त्यानंतर काही दिवस डॉक्टर पालथे झोपू देणार नाहीत, म्हणून आतापासून रात्रीचा पहिला तासभर तरी ती लांबट उशी पोटाशी धरून कुशीवर पडून पाहा. जमले नाही तर नाही, हट्ट नाही.

मामा उश्या देतील तेव्हा त्यांना जेवू घातल्याशिवाय सोडू नका. तिसऱ्या माळेच्या सकाळी मी फोन करीन. त्या वेळी फोन अण्णांनीच घ्यावा आणि मान व बोटे कशी आहेत ते खरे खरे सांगावे.

तुमची,
छोटी