हाँगकाँगचे विमान, लंडनचा परवाना

संपादक महोदय,

विमानमार्ग वाटताना सरकार घरच्यांचीच तळी कशी उचलते, हे १९८० च्या हाँगकाँग-लंडन वादात स्पष्ट दिसले. तोवर या मार्गावर ब्रिटिश एअरवेजची मक्तेदारी होती. हाँगकाँगची कॅथे पॅसिफिक, ब्रिटनची ब्रिटिश कॅलेडोनियन आणि ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर यांची कंपनी अशा तीन विमान कंपन्या परवान्यासाठी पुढे आल्या. हाँगकाँग तेव्हा ब्रिटनची वसाहत होती. त्यामुळे परवाना दोन्ही टोकांचा लागे. मार्चमध्ये लंडनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने फक्त ब्रिटिश कॅलेडोनियनला पसंती दिली. हाँगकाँगमध्ये वाढलेली कंपनी हाँगकाँगच्याच मार्गावरून बाहेर! (कॅथेची मालकी ब्रिटिश स्वायर समूहाकडे होती, तरीही.) हाँगकाँगमध्ये संताप उसळला, तो रास्तच होता. अखेर ब्रिटनचे व्यापारमंत्री जॉन नॉट यांनी जूनमध्ये निर्णय फिरवून तिघांनाही मार्ग खुला केला आणि जुलैत कॅथेचे जंबो जेट बहारीनमार्गे लंडनच्या गॅटविक विमानतळावर पोहोचले. निर्णय योग्यच होता. पण ज्या संसदेसाठी हाँगकाँगकरांना मतच नव्हते, तिथल्या मंत्र्याकडे त्यांना दाद मागावी लागली, हे आजही खटकते.

– एक वाचक, ठाणे