लखनौची गोळी राहूनच गेली

महोदय,

हार्मोन रिसेप्टरवर, म्हणजे पेशीत हार्मोन जिथे येऊन बसते त्या जागेवर, काम करणाऱ्या औषधांविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. टॅमॉक्सिफेनची हकिगत छान आली आहे. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत १९६२ साली गर्भनिरोधक म्हणून तयार केलेले हे रसायन त्या कामी फसले आणि स्तनाच्या कर्करोगावर चालले. पण त्याच जातकुळीचे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले आणि गर्भनिरोधक म्हणूनच टिकले, याचा लेखात उल्लेखही नसावा? डॉ. नित्या आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे सेंटक्रोमन १९९१ मध्ये ‘सहेली’ नावाने बाजारात आले. आज सरकारी दवाखान्यांत तेच ‘छाया’ म्हणून फुकट मिळते.

बार्शीत माझे मेडिकल आहे. दुकानात गर्दी नाही असे बघून बायका हळूच विचारतात, ‘ही हार्मोनची गोळी आहे का हो? अंग सुटतं म्हणे.’ या गोळीत हार्मोन मुळीच नाही. इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातले हार्मोन पेशीत जिथे येऊन बसते, ती जागा हे रसायन एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी आधीच धरून ठेवते. मग गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनचे चालत नाही आणि गर्भ रुजत नाही. हाडांत मात्र हेच रसायन थोडेफार इस्ट्रोजेनसारखे वागते. रिसेप्टर तोच, पण अवयव बदलला की तऱ्हा बदलते. विषयातली खरी गंमत ही, आणि नेमकी तीच लेखात दोन ओळींत उरकली आहे.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात एक चौकट द्यावी, ही विनंती. गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. रविवारी सुरू केली तर रविवार-बुधवार आणि चौथ्या महिन्यापासून नुसता रविवार. रोजच्या गोळीची सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून मी पाकिटावर पेनाने वार लिहून देतो. या गोळीने पाळी लांबू शकते, हेही छापा. ते ठाऊक नसल्याने घाबरून कितीतरी जणी गोळी मध्येच सोडतात. मात्र पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर गर्भ नाही ना, याची तपासणी करून घ्यावी. नुकतीच कावीळ होऊन गेलेल्या किंवा पीसीओडी (अंडाशयाचा एक विकार) असलेल्या स्त्रियांनी ही गोळी घेऊ नये.

— एक औषधविक्रेता, बार्शी (जि. सोलापूर)