"जसंच्या तसं वाचा, सर" म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यास

चिरंजीव,

नाव घालू नका म्हणालास, म्हणून घालत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते.

शाळेतले ते १८ जुने संगणक तुला माहीतच आहेत. त्यांवर डेबियन ही मोफत संगणकप्रणाली टाकायची होती. २ जीबी रॅम, डीव्हीडी ड्राइव्ह केव्हाच गेलेले आणि माझ्याकडे पेन ड्राइव्ह एकच. तू म्हणालास, "पेन ड्राइव्ह राहू द्या, डेबियन नेटवर्कवरून टाकू. तुमचा लॅपटॉपच सर्व्हर." मला वाटलं, आता तू येऊन करून देशील. तू पुण्याहून हललाच नाहीस! वर ताकीद, "स्क्रीनवर येईल ते जसंच्या तसं वाचायचं. 'काहीतरी एरर आलाय' चालणार नाही."

पहिल्याच रात्री पीएक्सईकडून, म्हणजे नेटवर्कवरून संगणक सुरू करायच्या सोयीकडून, आलं, 'पीएक्सई-ई५३: नो बूट फाइलनेम रिसीव्ड'. मी लॅपटॉपला नावं ठेवत बसलो. तू मात्र राउटरवर बोट ठेवलंस. संगणक चालू होताच दवंडी पिटतो, मला पत्ता द्या आणि बूटची, म्हणजे सुरू व्हायची, फाइल कुठे आहे तेही सांगा. राउटर पत्ता देऊन मोकळा होत होता, फाइलचं नाव सांगणारं कोणीच नव्हतं. मग लॅपटॉपवर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर-प्रोग्राम प्रॉक्सी पद्धतीने लावायला लावलंस. पत्ते राउटरने वाटायचे, फाइलची वाट लॅपटॉपने दाखवायची. ही वाटणी मला फारच आवडली.

त्यानंतर 'ई३२', म्हणजे टीएफटीपीला, ती फाइल नेटवर्कवरून आणणाऱ्या पद्धतीला, उत्तरच नाही. लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ६७ आणि ४०११ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कचे दरवाजे, उघडले होते, टीएफटीपीचा ६९ विसरलो होतो. हे तू सांगितलं नाहीस. "फाइल कुठल्या पोर्टवरून जाते?" एवढंच विचारून गप्प बसलास. रात्री साडेअकराला असा गप्प बसणारा माणूस किती छळतो, ते कळलं.

इन्स्टॉलरच्या यादीत 'मराठी' दिसलं तेव्हा मी फोनवर ओरडलो होतो, त्याबद्दल क्षमस्व. आणि अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी हे एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून सगळ्या संगणकांना वाटणारं साधन सुचवलंस ते बरं झालं, नाहीतर आमच्या इंटरनेटवर तीच पॅकेजेस १८ वेळा उतरवण्यात दिवाळीची सुट्टी संपली असती.

अठरावा संगणक शेवटपर्यंत 'ई६१: मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल' म्हणत होता. जसंच्या तसं वाचलं आणि केबल पाहिली. उंदराने कुरतडली होती. त्यासाठी तुला फोन केला नाही.

तुझे सर